पत्रिकेंतलीं मोकळीं अक्षरें

आमच्या वहिनी हयात आहेत, हें कळविण्यासाठीं आम्हांस एकदां तीन दिवसांत अकरा ठिकाणीं फोन करावे लागले. घरांत लग्न होतें, वहिनींची प्रकृति ठणठणीत होती, आणि ज्या बातमीचें आम्ही खंडन करीत होतों ती कोणा हितशत्रूनें उठविलेली नसून आमच्याच खर्चानें छापून आम्हींच घरोघर पाठविलेली होती. ज्यांच्या घरीं यंदा कांहीं कार्य निघणार आहे त्यांच्या उपयोगीं पडेल म्हणून ही हकीकत लिहितों.

सहा वर्षांपूर्वीं पुतण्याच्या थोरल्या मुलीचें लग्न ठरलें. आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत सारे दादा म्हणत, ते त्यापूर्वीं दोन वर्षें निवर्तले होते. तेव्हां पत्रिकेंत ‘कै. अमुक व अमुक यांची नात’ असा मजकूर जावयाचा. वहिनींच्या नांवामागें कांहीं उपाधि लावावी, तर ‘गं. भा.’ त्यांस मुळींच मान्य नाहीं, आणि ‘श्रीमती’ म्हटलें कीं त्या म्हणतात, “भाऊजी, मी काय शाळा तपासायला आलें आहें?” म्हणून त्यांचें नुसतें नांव घालावयाचें ठरलें. आमचें दिघोरी हें भंडारा जिल्ह्यांतलें, धानाच्या मुलखांतलें गांव. पत्रिकेचें काम बाहेरगांवच्या एका छापखान्यास दिलें. तेथें आतां खिळे नाहींत आणि जुळारीहि नाहीं. पडद्यावर तयार नमुने दाखवितात. नमुन्यांतलीं नांवें काढून आपलीं घातलीं कीं पत्रिका सिद्ध. आम्हांस दाखविलेल्या नमुन्यांत इंग्रजी मोठ्या अक्षरांत कोणा वधूवरांचीं नांवें होतीं, आणि तीं अक्षरें एकमेकांपासून अशीं ऐसपैस, कीं जणूं दरबारांत आपापलें अंतर राखून बसलेले मानकरीच. पुतण्यास तें फार आवडलें. त्याच जागीं आमचीं मराठी नांवें आलीं. वळण नक्षीदार, अक्षराअक्षराच्या टोंकास वेलबुट्टी. त्याचें चित्र फोनवर आलें, तें पुतण्यानें धानाच्या काट्यापाशीं उभ्याउभ्या पाहिलें आणि ‘छान’ म्हणून कळविलें.

छापील पत्रिका घरीं आल्या तेव्हां त्या आम्ही सर्वांनीं वाचल्या. ज्यानें पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या त्या या लेखकानेंहि वाचल्या. कोणासहि कांहीं वावगें दिसलें नाहीं. कारण कोण गेलें आणि कोण आहे, हें आम्हांस आधींच ठाऊक होतें. परंतु झालें होतें तें असें: अक्षरें फांकल्यामुळें ओळ लांबली, ती चौकटींत मावेना, तेव्हां यंत्रानें पहिला शब्द वर ठेवून बाकीचे खालच्या ओळींत उतरविले. तो पहिला शब्द म्हणजे ‘कै.’ होता. तो एकटाच, बरोबर मध्यभागीं, दोन कमळांच्या मधोमध. आणि त्याच्या खालीं एका ओळींत दादांचें व वहिनींचें नांव. परक्या वाचणारानें तो शब्द दोघांनाहि लावला यांत त्याचा कांहींच अपराध नव्हता.

पहिला फोन अमरावतीहून वहिनींच्या मामेभावांचा आला, आणि तो वहिनींनींच घेतला. ते घाईघाईनें म्हणाले, “फार वाईट झालें हो. आम्हांला कळविलें देखील नाहींत. केव्हां गेली आमची ताई?” वहिनी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अजून निघालें नाहीं रे. लग्न आटोपूं दे.”

दिवसभर त्या हंसत होत्या, येणाऱ्याजाणाऱ्यास ही गोष्ट स्वतःच सांगत होत्या. रात्रीं मात्र ती पत्रिका हातांत घेऊन देवघराच्या उंबऱ्याशीं बसलेल्या आम्हांस दिसल्या. आमची चाहूल लागली तशा म्हणाल्या, “एका ओळींत बसविलेंत तें बरें केलेंत, भाऊजी. पण इतकी घाई कशाला?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. छापखान्यांत विचारलें, तेथें उत्तर तयार होतें: नमुनाच तसा आहे.

यंदा आमच्या नातवाची मुंज ठरली. एकत्र कुटुंबांत वडीलकीचा मान पहिला, तेव्हां पत्रिकेंत दादांचें व वहिनींचें नांव पुन्हा सर्वांत वर येणार. पुतण्याची धाकटी मुलगी नागपुरास शिकते. तिनें जाहीर केलें कीं पत्रिका मीच करणार. तिच्या संगणकाशेजारीं आम्ही खुर्ची टाकून बसलों आणि म्हटलें, “बाळ, आधीं तें अक्षर कां फांकलें एवढें दाखव, मग पुढचें.”

तिनें एक शब्द लिहिला आणि पडद्याच्या कडेचा एक आंकडा वाढविला. त्याबरोबर त्या शब्दाची शिरोरेषा तुटली, आणि एकेक अक्षर आपापल्या डोक्यावर तिचा तुकडा घेऊन वेगळें उभें राहिलें, जणूं आढें मोडून चार खोल्या सुट्या झाल्या. आंकडा पुन्हा शून्यावर आणतांच रेघ सांधली. तिनें सांगितलेलें मर्म असें. संगणकांतील देवनागरी वळणांत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्या अक्षराच्या हद्दीबाहेर किंचित् पुढें गेलेली असते. शेजारच्या अक्षराच्या रेषेवर ती केसभर चढते, म्हणून आपणांस एकच अखंड रेघ दिसते. अंतर वाढविलें कीं तो केसभर चढाव संपतो आणि फट पडते. कमी केलें तर रेघ टिकते, परंतु अक्षरांचीं पोटें एकमेकांवर आदळतात. कांहीं जुन्या पद्धतीच्या साधनांत तर कानाहि अक्षरापासून सुटा होऊन दूर जाऊन उभा राहतो. म्हणजे तो आंकडा आमच्या लिपीसाठीं मुळीं ठेवलेलाच नव्हता. रोमन मोठीं अक्षरें सुटींच असतात. रोम शहरांत इ. स. ११३ मध्यें उभारलेल्या ट्रेजन बादशहाच्या स्तंभाच्या पायथ्याशीं जो शिलालेख आहे त्यांतलीं अक्षरें मोकळीं कोरलेलीं आहेत, आणि आजहि भारदस्तपणा आणावयाचा तर तिकडे तीं तशींच मोकळीं लावतात. तो थाट नमुन्याबरोबर आमच्या दारीं आला. जिच्यासाठीं तो होता ती लिपि निराळी, आणि ज्यांच्यावर बसविला तीं नांवें निराळीं.

आमच्या संस्कृताचा संगणकाशीं कधीं संबंध येईल असें आम्हांस वाटलें नव्हतें. परंतु तेथें बसल्याबसल्या पाणिनीची आठवण झाली. वर्णांचें जें अत्यंत सान्निध्य त्यास त्यानें संहिता ही संज्ञा दिली, आणि त्या दोन वर्णांमधलें अंतर टीकाकारांनीं अर्ध्या मात्रेच्या काळाएवढें सांगितलें. त्याहून अधिक थांबलें तर संधीचा प्रश्नच उरत नाहीं. पद तोडून दाखवावयाचें तर तें शाकल्यानें ऋग्वेदाच्या पदपाठांत केलें तसें पदापदांच्या सीमेवर तोडावयाचें. पदाच्या आंत वाटेल तेथें नव्हे. आमच्या हस्तलिखितांची रीतहि तीच. पोथीची ओळ एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सलग धांवते, शब्द कोठें संपला तें वाचणारानें व्याकरणाच्या बळावर ओळखावयाचें. मोडी लिहिणारा कारकून तर आधीं कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरें टांगीत जाई. रेघ आधीं, अक्षर मागून! आमच्या नातीस हें सांगितलें तेव्हां ती म्हणाली, “म्हणजे आजोबा, तुमच्या मोडीला हा आंकडाच नको होता.”

समर्थांनीं दासबोधांत एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेसच वाहिला आहे. विद्यार्थ्यांस आम्ही तो सुलेखनाच्या तासाला सांगत असूं, पण खरें सांगावयाचें तर त्यांतला ‘पैस’ हा शब्द आम्हांस या पत्रिकेनें समजाविला. अक्षरें, काने, मात्रा यांमधला मोकळेपणा नेमस्त असावा, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारें एकाच लेखणीनें लिहिल्यासारखें दिसावें, असें ते सांगतात. मोकळेपणा हवा, पण नेमस्त. तरुणपणीं फार बारीक अक्षर काढूं नये, म्हातारपणीं तें निरुपयोगी होतें, असाहि इशारा त्यांत आहे. ज्या पत्रिकेवर तीर्थप्रसादाची वेळ भिंग लावल्यावांचून वाचतां येत नाहीं ती छापणाऱ्यांस हा समास नेऊन द्यावा असें पुष्कळदां मनांत येतें.

शब्दांमध्यें जागा सोडण्याची रीत छापील पुस्तकांनीं आमच्या अंगवळणीं पाडली. कॅरे याचें मराठी व्याकरण सेरामपूर येथें १८०५ सालीं छापलें गेलें. परंतु बाळबोध खिळा खऱ्या अर्थानें सुबक केला तो मुंबईच्या मंडळींनीं. जावजी दादाजी हे लहानपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत लागले, तेथें टॉमस ग्रॅहॅमच्या हाताखालीं खिळ्यांचें काम शिकले आणि १८६९ सालीं त्यांनीं निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या संस्कृत पुस्तकांवर आमची पिढी वाढली. चार-चार व्यंजनांचें जोडाक्षर असो कीं वर रफार आणि अनुस्वार दोन्ही असोत, कोठें खड्डा नाहीं, कोठें दाटी नाहीं. आणि हें शिशाच्या खिळ्यांत! शिशाच्या खिळ्यास अंग असतें. दोन अंगें एकमेकांत शिरत नाहींत. वेलांटी, रफार, मात्रा यांचा भाग अंगाबाहेर लोंबता ओतावा लागे, आणि छापतां छापतां तो तुटे. जुन्या पुस्तकांत अर्धवट मात्रा दिसते ती जुळाऱ्याची चूक असतेच असें नाहीं. पुष्कळदां ती त्या लोंबत्या टोंकाची जखम असते. शिशाला एवढी अडचण असतांना जें साधलें तें आज, जेव्हां अक्षरास अंगच राहिलेलें नाहीं, तेव्हां कां बिघडावें?

याचें कारण आम्हांस आमच्या झाडीपट्टींतच सांपडलें. दिवाळी सरली कीं इकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाहून नाटकमंडळ्या गांवोगांव जातात, रात्रभर प्रयोग चालतात, आणि शंकरपटाच्या अन् मंडईच्या दिवसांत तर चौकाचौकांत नाटकाचे फलक लागतात. पूर्वीं ते पेंटर हातानें रंगवीत. तसा एक पेंटर आमच्या शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहावयास येई. ‘ट’ च्या शेजारीं ‘ठ’ आला कीं तो दुसरें अक्षर हळूच पहिल्याखालच्या पोकळींत सरकवी. ‘म’ पुढें ‘प’ आला तर थोडा श्वास सोडी. विचारलें तर म्हणे, “गुरुजी, फुटपट्टीनं सारखं केलं की डोळ्याला वाकडं दिसते.” याहून नेमकें शास्त्र आम्हीं वाचलेलें नाहीं. त, प, म, स हीं अक्षरें उजवीकडे उभ्या कान्यानें संपतात, तेव्हां त्यांची कड भिंतीसारखी सरळ. ट, ड, द, र, ह हीं रेघेला नुसतीं लोंबतात, त्यांच्या बगलेंत मोकळें रान. दोहोंस एकच अंतर दिलें तर एकीकडे गर्दी आणि दुसरीकडे ओसाडी दिसणारच. मुंबईंत कमल शेडगे यांनीं (१९३५–२०२०) मराठी नाटकांचीं शीर्षकें आयुष्यभर हातानें काढलीं. त्यांत प्रत्येक अक्षर आपला शेजारी पाहून आकार घेतें. तयार वळणांतलें अक्षर शेजारी कोण येणार हें जाणत नाहीं. वळण करणाऱ्यानें कष्ट घेऊन जोडीजोडीनें तें लिहून ठेवलें असेल तरच यंत्रास तें कळतें. चांगले कारागीर तें करतातहि. मुंबईच्या एक टाईप या मंडळींनीं ‘मोदक’ नांवाचें वळण काढलें आहे, कोणासहि फुकट वापरतां येतें. अक्षरें इतकीं गुबगुबीत कीं दोहोंमध्यें केवळ एक पांढरा धागा उरतो, परंतु तो धागा सगळीकडे सारखा. आमच्या नातवास मुंजीच्या पत्रिकेवर तेंच हवें होतें, कारण नांव मोदक! त्याच्या आजीनें तें हाणून पाडलें.

आणखी एक संकट ‘ख’ चें. मुलाच्या आजोळच्या आडनांवांत हें अक्षर आहे. नातीनें निवडलेल्या पहिल्या नक्षीदार वळणांत त्याचे दोन भाग असे विलग होते कीं सरळ ‘रव’ वाचावें. खाना मागवावा आणि रवाना व्हावें लागावें, असा हा जुना घोटाळा आहे. १९५३ सालीं लखनौस भरलेल्या परिषदेनें ‘ख’ चे दोन्ही भाग खालीं जोडून लिहावे असें ठरविलें तें याचसाठीं. सत्तर वर्षें झालीं, तरी वेलबुट्टी काढणारास तो जोड नकोसा वाटतो. व्याह्यांचें आडनांव बदलून पाठविण्याचें धैर्य आमच्या अंगीं नसल्यामुळें तें वळण बाद झालें.

शेवटीं पत्रिका ठरली ती अशी. नक्षीदार वळण केवळ वरच्या ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’ ला आणि बटूच्या नांवाला. बाकी मजकूर साध्या पुस्तकी वळणांत. अक्षरांतराचा आंकडा सर्वत्र शून्य. ओळ भरून दिसावयास हवी असेल तर अक्षरें मोठीं करावयाचीं किंवा शब्दांमधलें अंतर वाढवावयाचें, अक्षरें फांकवावयाचीं नाहींत. बटूच्या नांवांत मात्र नातीनें एकेक अक्षर सुटें धरून हातानें सरकविलें. त्यासाठीं तिनें एक युक्ति केली. नांव छापून कागद उलटा, डोकें खालीं करून भिंतीला लावला आणि आम्हांस डोळे किलकिले करून पाहावयास सांगितलें. उलटें अक्षर वाचतां येत नाहीं, त्यामुळें केवळ काळें-पांढरें दिसतें, आणि पांढरा खड्डा कोठें पडला तें एकदम उमगतें. आम्हीं दोन खड्डे दाखविले. तिला चार दिसले.

वहिनींच्या नांवासाठीं नातीनें सर्वांत खात्रीचा उपाय योजला होता: ‘कै.’ आणि दादांचें नांव एका ओळींत, वहिनींचें खालीं स्वतंत्र ओळींत. वहिनींनीं कागद हातभर लांब धरला, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनीं एकेक ओळ पाहिली आणि म्हणाल्या, “मला खालीं कां ढकललें?”

नातीनें कारण सांगितलें.

“तें मला कळतें ग. पण मला त्यांच्याच ओळींत हवें. चुकूं नये तें तुम्ही बघा.”

आम्ही आणि नात एकमेकांकडे पाहूं लागलों. संध्याकाळीं तिनें शोधून काढलें कीं शब्दांमध्यें सोडावयाच्या जागेचा आणखी एक प्रकार आहे. दिसावयास ती इतर जागांसारखीच, पण तेथें यंत्रास ओळ तोडतां येत नाहीं. ती जागा तिनें ‘कै.’ आणि दादांचें नांव यांच्यामध्यें घातली. मग चौकट लहान करून पाहिली, मोठी करून पाहिली. अक्षर वाढवून पाहिलें. ओळ कोठेंहि मोडली तरी ‘कै.’ दादांना सोडीना. ‘व’ च्या दोन्ही बाजूंस जागा जरा अधिक ठेवली, आणि वहिनींचें नांव त्याच ओळींत, आपल्या जागीं, बसलें. वहिनींनीं दुसऱ्यांदा कागद लांब धरला आणि “असूं द्या” म्हणाल्या.

दोनशें पत्रिका छापून आल्यावर एक गोष्ट राहिलेली दिसलीच. ‘मौंजीबंधन’ या शब्दावरचा अनुस्वार मात्रेच्या अंगास लागून चौकटीच्या पानाखालीं गेला होता, आणि शब्द ‘मौजीबंधन’ झाला होता. आम्हांस हें फारच लागलें. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं पुष्कळसे अनुस्वार गेले. शाळेंत आम्हीं नवे नियम प्रामाणिकपणें शिकविले, पण वडिलांनीं शिकविलेले जुने अनुस्वार घरच्या लिहिण्यांत अजून ठेवतों आणि संपादक ते चालवून घेतात. हा अनुस्वार तर नव्या नियमांतहि हवाच होता. पुन्हा छापण्यास वेळ नव्हता. नात रडकुंडीस आली. वहिनींनीं आमच्या टेबलावरचें शाईचें पेन मागून घेतलें, माजघरांत पाट मांडला, आणि दोन दुपारीं बसून दोनशेंहि पत्रिकांवर, पानाच्या कडेशीं राहिलेल्या बोटभरहि नसलेल्या पांढऱ्या जागेंत, एकेक टिंब दिलें. पहिल्या शंभरांनंतर काळी शाई संपली. पुढच्या निळ्या टिंबांच्या आहेत. अमरावतीस निळें गेलें.